रस्त्याला न लागलेले बूट

कॅनडात, मिसिसागातल्या ज्या चर्चच्या हॉलमध्ये आमचा गणपती बसतो, तिथला ऑर्गन एक जपानी गृहस्थ वाजवतात. बोलणं मोजकं, हातात कायम कापडी पिशवी.

गेल्या वर्षी ते आपणहून आरतीला साथ करायला आले. पिशवीतून पातळ तळव्यांचे बूट काढून घालू लागले, तसं मी सगळ्यांदेखत म्हटलं, "नो शूज प्लीज, अवर गॉड इज हियर." ते नुसत्या मोज्यांवरच ऑर्गनपाशी बसले. ऑर्गनच्या पायाशी असलेल्या लाकडी पट्ट्यांवरून पाय दोनदा घसरला. आम्ही हसलो.

हिवाळ्यात जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्यांची जॅझची एलपी दिसली. कव्हरवर ऑर्गनपाशी ते, तरुण, पायांत तसलेच बूट. मागे लिहिलं होतं, खर्जातले, बासचे सूर ते पायांनी वाजवतात. त्यासाठीचे ते बूट रस्त्याला कधी लागत नाहीत, असंही होतं.

यंदा माफी मागायचं ठरवून गेलो. ते दारातच मोज्यांवर उभे होते. पिशवी नव्हती.

"नाऊ ओके?" त्यांनी विचारलं.

"येस," मी म्हणालो, "थँक यू."