पोखर्णीचा मुक्काम

सायकल शर्यतीच्या कमिटीनं पोखर्णी गावाला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या ठाण्यात तक्रार उलटी आली होती. ती घटना आजही आठवते आणि आठवली की डोकं तापतं.

सत्तरचं दशक. सायकल कंपन्यांचे पगारी शर्यतपटू परभणी ओलांडून गंगाखेडच्या रस्त्याला लागले होते. त्या दिवसाचा मुक्काम पोखर्णीला ठरलेला. गावानं अंगणं सारवली, घरोघरी एकेक पाहुणा वाटून घेतला. ऐनवेळी गंगाखेडच्या बड्या मंडळींनी गळ घातली आणि कमिटीनं मुक्काम तिकडे हलवला. पोखर्णीला कुणी कळवलंही नाही. तरी सगळे सायकलवाले फाट्यावरून वळून पोखर्णीतच शिरले.

दुपारी खबर आली की सायकलवाले गावात अडवून ठेवलेत. मागोमाग कमिटीचे सेक्रेटरी जीपमधून उतरले. त्यांचा आरोप गावच्या तरुण मास्तरांवर होता. मास्तरांनी फाट्यावर चुन्याचा खोटा बाण काढला म्हणे. गुन्हा दाखल झाला असता तर मास्तर निलंबित झाले असते. त्यांच्या घरातली ती पहिली नोकरी होती.

"बाण तुम्ही काढला?" मी मास्तरांना विचारलं.

"न्हाई साहेब. कमिटीच्या मान्सानंच काढला, काल. आमच्या बायांनी भवती रांगोळी घातली, इतकंच."

सेक्रेटरी उसळले. "खोटं! मुक्काम हलवल्यावर आमचा बाण आम्ही पुसला. हा यांचा."

सगळ्यांना घेऊन फाट्यावर गेलो. पंचांसमक्ष पाहिलं. रांगोळीच्या रेघा बाणाच्या कडेवर चढलेल्या होत्या, म्हणजे बाण आधीचा. बाण पुसायला पाठवलेला कमिटीचा माणूस जीपमागे उभा होता. त्याला चहा पाजला. हातात कपबशी असली की माणसाला खोटं सांभाळता येत नाही, हा माझा अनुभव.

"झाडू घिऊन आल्तो साहेब," तो म्हणाला. "पण पाव्हणे यायच्या आधी रांगोळी कशी पुसू? हात धजला न्हाई. यान्ला सांगितलं, पुसला म्हणून."

"गाढवा!" सेक्रेटरी ओरडले.

"त्याला कशाला? आता तुम्ही बोला," मी म्हणालो.

"तक्रार मागे घेतो. विषय संपवा."

माझा बाप बाजारात बैलांचे सौदे करायचा. पहिल्या बोलीला मी कधी हो म्हटलेलं नाही. "तक्रार तर मागे घ्यालच. मुक्कामही इथंच राहील आणि आजचा निकाल पोखर्णीतून जाहीर होईल." ते कुरकुरले. मी आवाज चढवला. त्यांनी मान डोलावली.

गावात शिरलो तर एक आजी त्या दिवशी पहिल्या आलेल्या गड्याला वाढत होती. "एवढं वाळकं पोरगं सायकल वडतंय तरी कसं? खा की रे, लाजायलास काय!" मास्तर पहिल्यांदा हसले. पुढे ते त्याच शाळेत हेडमास्तर झाले.

या प्रकरणानं मला शिकवलं की तक्रार घेऊन जो आधी धावत येतो, त्यालाच आधी उलटसुलट विचारावं. आणि साधा माणूसही एखाद्या जागी वरच्याचा हुकूम मोडतो. तपास करणाऱ्यानं ती जागा शोधावी.

आता कमिटीनं मुक्कामाच्या गावांचा इतिहास छापलाय. त्यात त्या वर्षीचा मुक्काम म्हणून गंगाखेड आहे, पोखर्णीचं नाव नाही. ज्यांनी तो छापला त्यांनी पोखर्णीत यावं आणि लोकांसमोर उत्तर द्यावं: त्या दिवशी तुमचे गडी जेवले कुणाच्या घरी?