कोर्टाची पावती

लाइट बिलांच्या पिशवीत आमच्याकडे एक पावती तीन वर्षं पडून होती. दादा कॉलेजात असताना मित्रांबरोबर खुलताबादच्या घाटात बसला होता. तिथं पोलिसांनी त्याच्या खिशातून गांजाची पुडी काढली. पुढं कोर्टात तारीख लागली. वकील म्हणाले, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. दादानं कबूल केलं. घरी आल्यावर बाबा आईला एवढंच म्हणाले, "पावती फाडली. मिटलं." सिग्नल तोडल्यावर म्हणतात, तसं.

नंतर गारखेड्यातल्या आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही. मी तर नाहीच.

यंदा दादाची सरकारी क्लार्क म्हणून निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. माझं अक्षर बरं म्हणून त्यानं तो माझ्यापुढं ठेवला. प्रश्न दोन्ही भाषांत होते. मी इंग्रजी शाळेतली, मराठी अजून बोट ठेवून वाचते.

"कॉन्व्हेंटवाली, आज होईल का?" दादानं चिडवलं.

इंग्रजीत 'कन्व्हिक्टेड' असं होतं. तो शब्द मला जेलमध्ये जाऊन आलेल्यांचा वाटायचा. दादा जेलमध्ये गेला नव्हता. 'नाही' लिहायला पेन टेकवलं आणि खालची मराठी ओळ दिसली. ती मी मोठ्यानं वाचली. "आपणास न्यायालयाने कधी दंड ठोठावला आहे काय?"

"नाही लिही," दादा म्हणाला.

"पण दंड भरलाय ना आपण."

"पावती होती ती. लई शहाणी नको होऊ."

मी उठून पिशवीतून पावती आणली. तिच्यावर कोर्टाचा शिक्का होता, केस नंबर होता. मग फॉर्मच्या तळाची ओळही वाचली. माहिती लपवल्यास निवड रद्द. एरवी घरात मी कुणाला उलटून बोलत नाही.

बाबांनी टीव्ही बारीक केला. "म्हणजे मिटलं नव्हतं व्हय?"

दादानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'होय'. मग म्हणाला, "आता तपशील. तू सांग, मी लिहितो."

महिन्याभरानं त्याला खुलासा द्यायला बोलावलं. परत आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"साहेबांनी विचारलं, हे स्वतःहून का लिहिलं?"

"मग?"

"म्हटलं, माझी बहीण मराठी लई हळू वाचते. सगळं नीट ऐकू आलं."

"हसले का?"

"नाय."

नियुक्तीपत्र इतरांपेक्षा दोन महिने उशिरा आलं. त्या दोन महिन्यांत मी रोज पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत कपडे वाळत घालायचे.

पावती आता लाइट बिलांत नसते. मी ती त्याच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये, शेवटच्या कप्प्यात ठेवली आहे. पुढच्या फॉर्मलाही ती लागेल.