लाल रुमालातला राजगुरू

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासरी एक पाप केलं, आणि तेही रोज दुपारी, हातपाय धुऊन, समई लावून.

माहेरी चांद्याला मी सातवीपर्यंत शिकले होते. येताना ट्रंकेत एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दडवून आणली होती. त्यात एक हुशार राणी, तिचा भोळा राजा आणि राजाच्या कानाशी लागून राज्य चालवणारा राजगुरू. सासर धानोऱ्याकडचं, तळ्याकाठचं, धान पिकवणारं. सासऱ्यांचा नियम कडक होता: घरात कादंबरी दिसली तर चुलीत. म्हणून मी ती आईच्या लाल रुमालात बांधून ठेवली होती. तो रुमाल सासूबाईंच्या नजरेस पडला आणि त्यांनी हातच जोडले.

"पोथी आणली व्हय? मंग सांगतली काऊन नाई? वाच ना, आमी आयकतो."

खरं सांगायचं सोडून मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पडवीत पाट मांडला. पाटावर कादंबरी, तिला हळदकुंकू, फुलं. शेजारच्या बायका चिंचा फोडायला घेऊन बसल्या आणि पारायण सुरू झालं. राजाचं नाव आलं की सगळ्या नमस्कार करत. राजगुरू आला की जास्तच वाकून करत, कारण तो भगव्या वस्त्रात. त्यानं राणीच्या दुधात विष कालवलं, तेव्हा कुठे हात जोडता जोडता थांबले. प्रकरण संपलं की मी गंभीर चेहऱ्यानं 'अध्याय समाप्त' म्हणायची आणि पदरात हसू दाबायची. सासरे पलीकडे दोर वळत बसलेले असत. त्यांचं लक्ष नाही, अशी माझी समजूत होती.

शेवटचं प्रकरण उरलं आणि सासूबाईंनी समाप्तीच्या पूजेला शेजारगावचे भटजी बोलावले. भटजींनी पुस्तक उघडलं, चार ओळी वाचल्या आणि लालेलाल झाले.

"हे कायची पोथी? यात तं गुरूच चोर हाय! कादंबरी हाय हे!"

चिंचा फोडणं थांबलं. सासरे उठले आणि त्यांनी भटजींच्या हातून पुस्तक घेतलं. आत चूल पेटलेली होती. आता पुस्तक गेलं आणि या घरात माझं वाचणंही कायमचं गेलं, या भीतीनं मला रडू फुटलं.

"पंधरा दिस फुलं वाहली मी तिले," सासूबाई म्हणाल्या. "आता चुलीत कशी घालता?"

सासरे भटजींकडे वळले. "महाराज, सुरू केलेलं पारायण अर्धवट ठेवता येते?"

"ठेवू नाई. पण हे..."

"मंग झालं तं." त्यांनी पुस्तक पुन्हा पाटावर ठेवलं. "वाच सूनबाई. त्या बदमाशाचं काय झालं, थे मले बी आयकाचं हाय."

मी डोळे पुसून वाचलं. राणीनं भर दरबारात ते दूध राजगुरूपुढेच धरलं, आणि त्याचं बिंग फुटलं. बायकांनी हात जोडले. 'अध्याय समाप्त' म्हणायचं मी विसरले. ते भटजीच सवयीनं म्हणून गेले.

सासऱ्यांनी पुस्तक लाल रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर निघताना धोतर सावरत मला म्हणाले, "चांद्याले जाऊन राह्यलो. आता कोणची पोथी आणू?"