पाचवं नाव

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं ती तिथल्या काचेच्या बशा आणि नळ्या धूत होती. बारावी सायन्स तिने चांगल्या मार्कांनी काढली होती, पण पुढे भावाला शिकवायचं ठरलं आणि तिचं शिक्षण तिथेच खुंटलं.

त्या वर्षी मॅडमनी दुसऱ्या वर्षाच्या चार मुलींना संशोधनाला घेतलं. गॅरेजच्या मातीतले तेल खाणारे जिवाणू शोधायचे होते. चौघी एका टेबलाभोवती वाद घालत, चुकत, खिदळत. मावशीचा नुसता जळफळाट व्हायचा. धुताना बशी जरा जास्तच आपटली जायची.

तिसऱ्या आठवड्यात मुलींच्या जिवाणू वाढवायच्या सगळ्या बशांत पांढरी बुरशी आली. पुन्हा केलं, पुन्हा बुरशी. मावशीला कारण ठाऊक होतं. बशा वाफेवर निर्जंतुक करायला मुलींना जो जुना कुकर दिला होता, त्याची रिंग सैल झाली होती. वाफ बाजूने निसटत होती. पण ती बोलली नाही. एवढ्या हुशार ना, मग शोधा म्हणावं! आठ दिवस तिने ब्र काढला नाही, आणि आठ दिवस तिला जेवणही गोड लागलं नाही.

नवव्या दिवशी चौघींतली चष्मेवाली सिंकपाशी रडताना दिसली. सगळं हिच्याच हातून बिघडतं, असं बाकीच्या तिघींनी ठरवून टाकलं होतं.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. कुकरची रिंग गेलीय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

मावशीने नळ बंद केला. "तुमचा हेवा वाटत होता गं."

मुलगी नाक पुसून म्हणाली, "मग या ना आमच्यात. जिवाणूंचे ठिपके मोजायला माणूस कमीच पडतंय."

दोन महिने मावशीने ठिपके मोजले. चौघींचे आकडे जुळले नाहीत की तिचाच आकडा धरायच्या. अहवाल झाला तेव्हा मॅडमनी तिचे शेवटच्या पानावर आभार मानले होते.

"मॅडम, आभार नकोत," ती म्हणाली. "मोजलंय मी."

मॅडम गडबडल्या. "अहो, पण पद्धत..."

"मोजलंय त्यांनी," चष्मेवाली म्हणाली.

अहवालाच्या पहिल्या पानावर पाचवं नाव छापून आलं. मावशीने ते चारदा वाचलं. मग वरची चार वाचली. त्या पोरी आता पुढे शिकायला जाणार होत्या. तिच्या पोटात पुन्हा दुखलं, अगदी पूर्वीसारखंच. तरी कागदाला घडी पडू नये म्हणून तिने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून घरी नेला.