हारांखालची फियाट

भवानी पेठेत आमच्या समोर राहणारे काका बोलता बोलता कुणाच्याही गाडीचा आरसा पुसतात. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, आरसा पुसायचा आणि म्हणायचं, "लई धूळ हाय की सोलापुरात." स्वतःची जुनी फियाट त्यांनी गेल्या वर्षी भंगारात घातली. त्याआधी पेठेतल्या जवळपास प्रत्येक लग्नाची वरात तिच्यातूनच निघायची.

परवा ते माझ्याकडे आले. "तुमच्या मोबाईलवर चित्रं निघत्यात म्हनं. आमची फियाट काढा की."

तिचे फोटो त्यांच्याकडे पुष्कळ होते, पण सगळे वरातीतले. झेंडूच्या माळांखाली गाडी कुठं दिसतच नव्हती.

मी तीन वेगवेगळ्या एआय अ‍ॅपना सांगितलं. पहिल्यानं कालच शोरूममधून आणल्यासारखी चकचकीत गाडी काढली. दुसऱ्यानं स्टिअरिंग डावीकडं बसवलं. तिसऱ्यानं तर ती बर्फात उभी केली. सोलापूरची गाडी, आणि बर्फात! काकांनी टॉवेलनं स्क्रीन पुसून पुन्हा पाहिली.

"ही न्हाय. ही पन न्हाय."

"मग कशी होती, काका?"

"क्रीम कलर हुता..." ते थांबले. "का पिवळा? जरा हार घालून बघा बरं."

मी तिन्ही गाड्यांवर झेंडूच्या माळा घालून घेतल्या. काका बराच वेळ बघत राहिले. मग टॉवेल खांद्यावर टाकून, स्क्रीन न पुसताच, त्यांनी मोबाईल परत दिला.

"आता तिनी आमच्याच वाटाय लागल्या," ते म्हणाले.