झारची इन्स्पेक्टर

लहानपणी इतर मुली खेळात राणी व्हायच्या, आई व्हायच्या, फार तर डॉक्टरीण व्हायच्या. मी रशियाच्या झारची इन्स्पेक्टर व्हायचे. वडलांची खाकी सोला हॅट डोक्यावर, कोळशाने काढलेल्या मिशा, हातात छत्रीची मोडकी दांडी, आणि जागा अंधेरी पूर्वेच्या एका दुमजली इमारतीच्या तळमजल्याची गॅलरी. हे कुणाला सांगितलं की म्हातारीचं डोकं फिरलंय अशा नजरेने लोक बघतात. म्हणून जरा पहिल्यापासून सांगते.

आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एक काकू राहायच्या. त्या पोलंडच्या. लढाईच्या दिवसांत रशियन शिपायांनी त्यांना आणि त्यांच्या आईला घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलं, आणि तिथून देशोदेशीची धूळ खात त्या कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत पोचल्या. शेजारचे काका तेव्हा त्या छावणीच्या कोठारात कारकून होते. पुढचं सांगायला नकोच. छावणी उठली तेव्हा काकूंची आई काकूंच्या भावाबरोबर विलायतेला गेली, आणि काकू कपाळाला कुंकू लावून अंधेरीला आल्या.

त्या मराठी शिकल्या त्या कोल्हापूरच्या भाजीबाजारात. गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, नऊवारी नेसलेल्या या बाई दारात येऊन "वैनी, वाईच साखर देता का?" म्हणाल्या की नवा माणूस थक्क व्हायचा. त्यांच्या सासूबाई मालवणच्या. त्यांना आम्ही सगळी मुलं आजी म्हणायचो. सून आली तेव्हा त्या म्हणे आठवडाभर तोंड फिरवून बसल्या होत्या. मग सुनेने एकदा बांगड्याचं तिखलं केलं आणि ते बरं झालं, एवढ्यावर तह झाला.

काकूंची मुलगी माझ्याहून वर्षाने लहान, आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला आपल्या आईचं सगळं आवडायचं, फक्त भाषा सोडून. काकूंनी वाडीतल्या विहिरीपाशी तिला पोलिशमध्ये हाक मारली की शाळेतल्या मुली ती हाक वेडीवाकडी करून दिवसभर मारत बसायच्या. शेवटी एकदा तिने आईला बजावलं, "माझ्याशी मराठीतच बोल. नाहीतर मी ओच देणार नाही." आणि खरंच देईना. हट्टी होती बया.

एरवी हे आईलेकीचं भांडण म्हणून कुणी लक्षही दिलं नसतं. पण त्या वर्षी विलायतेहून कळलं की डिसेंबरात काकूंची आई बोटीने येणार. तिने नातीला कधी पाहिलं नव्हतं. तिला मराठी येत होतं ते छावणीत असताना शिकलेलं, बाजारापुरतं. पाणी, किती, महाग, नको. एवढ्या भांडवलावर ती नातीशी काय बोलणार? काकूंचा जीव त्यात अडकला होता आणि लेक तोंड उघडायला तयार नव्हती.

तेव्हा मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही याशिवाय आमच्या वडलांना दुसरा विषय नव्हता. जेवताना, दाढी करताना, न्हाणीतूनसुद्धा भाषण चालू. एका संध्याकाळी ते गॅलरीत काकूंना म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं हो, आपली भाषा असून आपलं राज्य नसणं काय असतं ते." काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमचा तर मुलूखच नकाशावर नव्हता. शंभरावर वर्सं. तिगा बादशांनी वाटून घेतला होता." वडील मिशीवरून हात फिरवत राहिले.

मग काकूंनी आम्हा मुलांना त्यांच्या आईच्या लहानपणची गोष्ट सांगितली. गाव झारच्या वाट्याला आलेलं. शाळेत सगळं रशियनमध्ये. आपल्या भाषेत शेजारणीच्या कानात कुजबुजलं तरी शिक्षा. म्हणून गावातल्या बायका घरोघरच्या स्वयंपाकघरात गुपचूप शाळा भरवायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पुस्तक पिठाच्या डब्यात. दाराशी एकजण पहाऱ्याला. झारचा इन्स्पेक्टर येतोय असं दिसलं की इशारा व्हायचा, पुस्तक पिठात जायचं आणि सगळ्या मुली मांडीवर कापड घेऊन टाके घालायला लागायच्या. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं तर शिवणाचा वर्ग.

दुसऱ्याच दिवशी आमचा खेळ सुरू झाला. काकूंचं स्वयंपाकघर म्हणजे गुप्त शाळा. छावणीतलं एक जुनं वाचनाचं पुस्तक काकूंनी दिलं, ते तांदळाच्या डब्यात. पहाऱ्याला खुद्द आजी, उंबरठ्यावर मांड ठोकून, मांडीवर देवघरातली घंटा. इन्स्पेक्टर कोण होणार याची चर्चासुद्धा झाली नाही. अख्ख्या वाडीत माझ्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता.

मी विहिरीपाशी जाऊन उभी राहायचे. मग दाणदाण पाय आपटत यायचे. आजी घंटा बडवायच्या आणि ओरडायच्या, "इलो गो इलो, मेलो इन्स्पेक्टर इलो!" मी दारावर दांडी हाणून विचारायचे, "कोण बोलतंय इथे पोलिश?" आणि आतून चौघी एका सुरात म्हणायच्या, "कुणी नाही साहेब, आम्ही शिवण शिकतोय!" हे सगळं अर्थात मराठीत. आमच्या खेळात झारची भाषा मराठी होती, दुसरी आम्हाला येतच नव्हती. वडलांना हे कळलं तेव्हा ते भयंकर संतापले.

आणि काय सांगू, माझी हट्टी मैत्रीण बोलायला लागली! आईने लाडीगोडी लावली तेव्हा जे ओठ शिवल्यासारखे बंद होते, ते चोरून बोलायचं म्हटल्यावर उघडले. खेळ संपला तरी ती आईच्या कानाशी लागून पोलिशमध्ये काहीबाही सांगायची आणि आजूबाजूला बघून घ्यायची. काकू माझ्या आईला म्हणाल्या, "मनाई केली की बोलतीया बगा. माज्या आईवर गेलीया." इतर मुलीही चार वाक्यं शिकल्या. शिकले नाही ती मी एकटी. शाळा भरायची तेव्हा मी विहिरीपाशी, आणि मी पोचेपर्यंत सगळ्या शिवायला बसलेल्या. कधी चोरून ऐकायला गेले तर मैत्रीण म्हणायची, "चल, पळ. इन्स्पेक्टरला सांगायचं नसतं."

डिसेंबरात बोट लागली. काकूंची आई आली. उंच, ताठ, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. मैत्रीण बघत राहिली. पुन्हा विचारलं. ती आईच्या पदराआड गेली.

मग रोज तेच. चोरी नाही, पहारा नाही, समोर खरीखुरी पोलंडची आजी. मैत्रिणीची वाचाच बसली. म्हातारी पेला पुढे करून म्हणायची, "पाणी?" नात म्हणायची, "नको." की झालं दोघींचं बोलणं. मला तर मैत्रिणीला गदागदा हलवावंसं वाटायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्यात उपास असतो. मटण चालत नाही, मासे चालतात. आजी म्हणाल्या, "असलो उपास माका रोज चलात." दुपारी मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा काकू पापलेटं कापत होत्या आणि रडत होत्या. आजींना सांगत होत्या, "माज्या आईच्या तोंडातनं झारला भाषा काढता आली न्हाई. माज्या पोरीच्या तोंडातनं गेली. झारला जमलं न्हाई ते माज्या हातनं झालं बगा." आजींनी उलट्या हाताने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, कारण तळव्याला मीठमसाला लागला होता. मी वाटी ठेवून पळाले. मला इतकं वाईट वाटलं की मी घरी जाऊन आईशी उगाच भांडले.

पहिली चांदणी दिसली की जेवायचं, अशी त्यांची रीत. संध्याकाळी मी आमच्या दारातून बघत होते. काकूंनी पाटांपुढे पांढरं कापड अंथरलं होतं, त्याखाली तबेल्यातून आणलेलं मूठभर गवत. ताटं मांडलेली, त्यात एक जास्तीचं. ते वाट चुकून दारात येईल त्याच्यासाठी रिकामं ठेवतात, आणि झारने ज्यांना दूर धाडलं त्यांच्या आठवणीसाठी. चांदणी उगवून गेली तरी कुणी ताटाला हात लावेना.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हॅट घातली. कोळसा शोधायला वेळ नव्हता, मिशा काढायच्या राहिल्या. विहिरीपासून दाणदाण निघाले. आजींनी मला पाहिलं, एक क्षण थांबल्या, आणि मग हात लांब करून देवघरातली घंटा उचलली. "इलो गो इलो!"

मी दारात पोचले तेव्हा माझी मैत्रीण उठून उभी राहिली होती. पोलंडच्या आजीचा हात तिने घट्ट धरला होता आणि तिच्या कानात ती भराभर, न अडखळता, पोलिशमध्ये बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण काय सांगत असणार ते कळलं. पुस्तक लपव, तो आलाय, शिवायला घे.

आणि ती ताठ म्हातारी क्षणात वाकली. दोरीवरचं आजींचं पोलकं ओढून तिने मांडीवर घेतलं, मान खाली घातली आणि नसलेल्या सुईने टाके घालायला लागली. एक, दुसरा, तिसरा, अगदी बारीक टाके.

"कोण बोलतंय इथे..." एवढंच मला म्हणता आलं.

म्हातारीने वर पाहिलं. मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि नातीला जवळ ओढून काहीतरी विचारलं. नातीने उत्तर दिलं. तिने आणखी विचारलं, हिने आणखी सांगितलं, मग थांबायलाच तयार नाही. काकू हातात डाव घेऊन तशाच उभ्या. काका उगाच चष्मा पुसत बसले.

थोड्या वेळाने म्हातारी माझ्याकडे आली. डोक्यावरची हॅट काढून तिने खुंटीला लावली, माझा हात धरून मला त्या रिकाम्या ताटावर बसवलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवत एक लांबलचक वाक्य बोलली. ते ऐकून काकूंनी पदर तोंडाला लावला. आणि मग पापलेटचा मधला तुकडा, जो नेहमी काकांचा असायचा, तो माझ्या ताटात वाढला.

मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं. "काय म्हणाली गं?"

तिने आधी इकडेतिकडे पाहून घेतलं.

"इन्स्पेक्टरला सांगायचं नसतं," ती म्हणाली. आजही विचारलं तर हेच म्हणते.