आत्यांनी आधीच पाहिलेला कुंगफूचा पिक्चर

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं डोकं चालेनासं झालंय.

माझी दहा वर्षांची मुलगी टीव्हीवर जुना चिनी कुंगफूचा पिक्चर बघत होती. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "आता ती पोरगी भिंतीवरनं उडी मारंल."

आणि तिनं मारलीच!

मी चाट पडले. "आवं आत्या, तुमी कवा बघितला ह्यो?"

"आटपाडीत, जत्रंच्या तंबूत. आठवीत व्हते. ती पोरगी लय आवडली. घरी येऊन वडलांना, आण्णांना म्हणलं, मला तालमीत घाला."

"मग?"

"थोबाडीत बसली. त्याच उन्हाळ्यात लगीन लावलं."

माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण हे त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

मग त्या उठल्या, काष्टा घट्ट केला आणि पाय रोवून, मुठी आवळून उभ्या राहिल्या. जराही हलल्या नाहीत. मुलगी हसली नाही. तीही शेजारी तशीच उभी राहिली.

आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कराट्याला हिला न्हाई का म्हणलीस?"

मुलीनं कराटेच्या क्लासचा हट्ट धरला, तेव्हा 'पोरीच्या जातीला कशाला,' असं मीच म्हणाले होते. संध्याकाळी जाऊन तिचं नाव घातलं.

तुमच्या सासूबाईंना काय व्हायचं होतं, कधी विचारलंय?